पाणी मानवणं

तुरीची डाळ शिजली की पाणी चांगलं. टणक राहिली की वाईट. याच्यापलीकडे पाण्याची कुठली परीक्षा नीलव्वाला मान्य नव्हती.

*

पी.पी. कॉल म्हणजे ज्याच्या घरी फोन आहे त्याने ज्याच्या घरी नाही त्याला हाक मारून आणायचं. बोलवायला निघालेल्या माणसाच्या चपलांचा आवाज तारेतून ऐकू येतो.

*

बिराजदारांनी परसात संडास बांधला तेव्हा गल्लीत घरोघर पेढे वाटले होते.

*

देवरुखला माझी गादी गुंडाळून माळ्यावर टाकली गेली, तेव्हा मी अजून एस.टी. स्टँडलासुद्धा पोचले नव्हते.

*

उकळलेलं पाणी बाळंतिणीला देतात.

*

"पानी बदललंय की. दुसरं काय?"

*

हे वाक्य मला धामणवेढ्यात सगळ्यांनी ऐकवलं. एक्स्चेंजच्या सुपरवायझरने, दवाखान्यातल्या डॉक्टरांनी, बांगड्या भरणाऱ्या बाईने. मी तेवीस वर्षांची, टेलिफोन ऑपरेटर म्हणून नुकती लागलेली. गाव सोलापूरच्याही पुढे, कर्नाटकाच्या अंगाला. माणसं मराठी बोलता बोलता कानडीत शिरत आणि बाहेर येत. मध्ये उंबरा आहे हे त्यांच्या गावीही नसे.

एकट्या मुलीला खोली द्यायला कुणी तयार नव्हतं. नीलव्वा कोऱ्यांनी दिली. त्यांचं घर गल्लीच्या टोकाला, जिथे उतार संपतो तिथे, बिराजदारांच्या परसाला पाठ लावून. नवरा वारलेला. मुलगा महांतेश इचलकरंजीला सूतगिरणीत. सून विजयालक्ष्मी त्याच्याबरोबर. सहा वर्षांत दोघांपैकी कुणी गावी आलेलं नव्हतं. हे मला गल्लीने सांगितलं. नीलव्वाने एवढंच सांगितलं की पुढची खोली रिकामी आहे, चूल एकच आहे, तेव्हा जेवण तिच्याबरोबर.

मला तेच हवं होतं. देवरुखला भावाच्या दोन खोल्यांत माझ्या नावाची जागा उरली नव्हती. वडील गेल्यावर वहिनीने मला कधी जा म्हटलं नाही, फक्त माझ्या वस्तू एकेक करून उंचावर ठेवत गेली. इथे मी ड्युटीवरून आले की दोन ताटं मांडलेली असत. ज्वारीची भाकरी, शेंगाची चटणी, आणि नळाच्या पाण्याने भरलेला तांब्या. मी हातपाय धुऊन बसेपर्यंत नीलव्वा घास मोडत नसे.

दहा-बारा दिवसांत माझं पोट बिघडलं. मग ताप. मग जरा बरं, आणि पुन्हा पोट. कोकणातल्या विहिरीवर वाढलेली मी. नीलव्वाला त्यात नवल वाटलं नाही. ती म्हणाली, कोकणातलं पाणी हलकं, पोटाला लाडावून ठेवतं. महिनाभर कळ काढ, मानवेल. आमचं पाणी वाईट असतं तर डाळ शिजली असती का? तिलाही दर पावसाळ्यात पोटाचं व्हायचं, पण त्याला ती आजार म्हणत नसे, ऋतू म्हणत असे.

पहिलं वर्ष प्रोबेशनचं होतं. रजा वाढल्या तर कायम करायची ऑर्डर निघणार नाही हे सुपरवायझरने मला समजावून सांगितलं, आणि त्यांनी ते दमात सांगितलं नाही म्हणून मला जास्त भीती वाटली. नोकरी गेली की देवरुख. माळ्यावरची गादी.

नळावर बिराजदारीण भेटायची. तोंडाने गोड बाई. ती म्हणायची की सगळी गल्ली हेच पाणी पिते, एकाच लायनीचं, कुणाला काही होत नाही. मग आवाज खाली आणून म्हणायची, "नीलव्वाच्या घरात मानूसच टिकत न्हाई, फोनबाई. तलाठी आला, गेला. शाळेतली बाई आली, गेली. सूनबी गेली की." आणि कळशी कमरेवर घेता घेता पुढे, "पान्याला कशाला बोल लावायचा."

मी दवाखान्यात जाऊन पाणी तपासायला सांगितलं. डॉक्टर चांगले होते, आरोग्यसेवकाला त्यांनी लगेच पाठवलं. त्याने चौकातल्या सार्वजनिक नळाची बाटली भरून सोलापूरला धाडली, कारण नमुना तिथूनच घ्यायचा अशी रीत होती. निकाल आला: पिण्यास योग्य. डॉक्टर म्हणाले, बघा, तुमचंच पोट नाजूक आहे. तरी उकळून प्या.

उकळून प्यायचं म्हणजे नीलव्वाच्या चुलीवर. मी विषय काढून पाहिला. ती भाकरी थापत होती, थापतच राहिली.

"उकळलेलं पानी बाळंतिनीला देत्यात. तुला कवा झालं गं बाळ?"

ती हसली. मीही हसले. पण हसताना तिचं तोंड तव्याकडे होतं, आणि पुढची भाकरी करपली.

*

एक्स्चेंजमध्ये चहासाठी स्टोव्ह होता. मी तिथे पाणी उकळून फिरकीच्या तांब्यात भरू लागले. जेवताना घोट घ्यायची नाही. म्हणायची, मला जेवल्यावर तासाने प्यायची सवय आहे. आणि मी बरी झाले. अंगात ताकद आली, गालांवर मांस आलं.

नीलव्वाने ते माझ्याआधी पाहिलं. एका सकाळी तिने माझी हनुवटी धरून तोंड उजेडाकडे फिरवलं.

"मानवलं की! बघ, मानवलं!"

तिने गल्लीभर सांगितलं. बिराजदारणीला तर मुद्दाम थांबवून सांगितलं. त्या सोमवारी पुरण घातलं, होळग्या केल्या, पाच घरी दिल्या. लोकांनी विचारलं, कशाचं? ती म्हणाली, "आमच्या हेमाला पानी मानवलं." तोवर मी फोनबाई होते. त्या दिवसापासून हेमा झाले. मी ताटावर बसून होळगी खाल्ली. ती समोर बसून माझ्याकडे बघत होती, आणि तांब्या भरलेला होता. मी त्यातलं दोन भांडी पाणी प्यायले. दुसऱ्या दिवशी काही झालं नाही. चौथ्या दिवशी झालं.

ते मी तिच्यापासून लपवलं. शेजारच्या जागेवरची ऑपरेटर मुल्लाबाई, तिने माझी पाळी सांभाळली. ती म्हणाली, अगं, खोली बदल. मी म्हटलं, बदलेन. बदलणार नव्हते.

*

मग एक दिवस नीलव्वा मला दुपारची बुत्ती घेऊन एक्स्चेंजवर आली. असं ती आधी कधी आली नव्हती. दहीभात, वर लाल तिखट, केळीच्या पानात बांधलेला. ऊन फार होतं. ती बाकड्यावर टेकली, समोर माझा तांब्या दिसला, फिरकी काढून तिने तोंडात पाणी ओतलं.

माझ्या कानावर हेडफोन होता, पंढरपूरचा कॉल चालू होता. मी तिला थांबवायला उठूही शकले नाही. तिने घोट तोंडात धरला. गिळला. उकळलेल्या पाण्याला चव नसते. माठाची नाही, नळाची नाही. ती नसलेली चव तिला ओळखू आली. तिने फिरकी परत लावली, अगदी घट्ट, आणि पदराने ओठ पुसून निघून गेली.

मी घरी गेले तेव्हा एकच ताट मांडलेलं होतं.

"जेव, फोनबाई," ती म्हणाली.

मी विचारलं, अव्वा, तुमचं? ती म्हणाली भूक नाही. मी तिला डॉक्टरांचं सांगितलं, रजांचं सांगितलं, ऑर्डरचं सांगितलं. मी म्हटलं की मला इथंच राहायचं आहे म्हणूनच मी उकळून पिते. ती ऐकत होती. मग म्हणाली, "तीबी असंच म्हनायची. पानी मानवत न्हाई. पानी मानवत न्हाई. मानसानं सरळ सांगावं की मी मानवत न्हाई."

"अव्वा, तसं नाही."

"सोमवारी होळगी खाल्लीस. तवा तरी सांगायचं हुतंस. गल्लीत मी पाच घरी दिली."

महिना भरला की खोली सोड, एवढंच ती पुढे म्हणाली. भांडली असती तर बरं झालं असतं. भांडणात निदान दोन माणसं असतात.

*

महिना भरायच्या आत बिराजदारांचा फोन मंजूर झाला. गुळाचा व्यापार, त्यांना हवाच होता. गल्लीत तार आणायला टोकाला एक खांब लागत होता. लाइनमन दस्तगीर दोन गडी घेऊन आला आणि नीलव्वाच्या भिंतीशी, बिराजदारांच्या परसाच्या कोपऱ्यात खड्डा घ्यायला लागला. रविवार होता, मी घरीच सामान बांधत होते.

पहार कशावर तरी वाजली. मग वास आला. एवढा की गडी नाक धरून वर चढले.

मी बाहेर आले. नीलव्वा आधीच खड्ड्याच्या काठावर उभी होती. कमरेएवढ्या खोलीवर एक लोखंडी पाइप आडवा गेलेला, आमच्या घराकडे. भोवतालची माती काळी, लिबलिबीत, तिच्यातून पाणी पाझरत होतं. भिंतीच्या पलीकडे बिराजदारांच्या संडासाचा शोषखड्डा होता, आणि मधल्या दगडांतून तो इकडे फुटला होता. पाइपाच्या जोडावर गुंडाळलेला ताग कुजून लोंबत होता. तो दिवस नळाचा नव्हता. पाइप रिकामा होता, आणि काठावरून डोळ्यांनी दिसत होतं की ते काळं पाणी जोडातून आत ओढलं जातंय.

दस्तगीर म्हणाला, "ही लाइन कुणाची?"

बिराजदार बाहेर आले, म्हणाले माझा संडास माझ्या हद्दीत आहे. बिराजदारणीने पदर नाकाला लावला. गल्लीतल्या सगळ्या घरांचे नळ वरच्या अंगाला, त्या कोपऱ्याच्या अलीकडे. त्याच्या पुढे एकच घर.

दस्तगीरने खांबाची जागा चार हात सरकवली. लोक पांगले. नीलव्वा तिथेच खाली बसली, मातीत, पाय खड्ड्यात सोडून. मी तिच्याशेजारी बसले. वास सहन होत नव्हता, पण ती उठेना.

ती म्हणाली, "संडास झाला त्याच वर्साला विजू आली. पेढे वाटले तवा नवी नवरी म्हनून तिला दोन दिले."

ती पुढे सांगत गेली.

"पोटात मूल हुतं तिच्या. पाचवा लागला हुता. ताप आला, मुरला, मूल गेलं. डॉक्टर म्हनला पानी उकळून द्या. तिनं चुलीवर ठेवलं." नीलव्वा पाइपाकडे बघत होती. "मी ते पातेलं उचलून अंगनात वतलं. म्हनलं, उकळलेलं पानी ह्या घरात बाळंतिनीला देत्यात. आदी बाळंतीन हो."

आणि मग, "मूल जाऊन आठवडाबी झाला नव्हता, हेमा."

*

खोली सोडायचं मग कुणी काढलं नाही. मी रोज सकाळी चौकातून दोन कळशा आणू लागले, एक तिची, एक माझी. नीलव्वाने घरातला नळ चिंधीने बांधून टाकला. पुन्हा दोन ताटं मांडली जाऊ लागली. मी तेव्हा मनात हिशेब केला की आता कायमचं झालं. माझं पोट बरं आहे, रजा थांबल्या, आणि या घरात मला पाणी आणायचं काम आहे. ज्याला काम असतं त्याला कुणी माळ्यावर टाकत नाही.

चौथ्या की पाचव्या दिवशी ती माझ्यामागून एक्स्चेंजवर आली. इचलकरंजीला लाव म्हणाली. मी नंबर विचारला. तिने तो कानडीत सांगितला, एकेक आकडा, न अडखळता. तिला आकडे वाचता येत नव्हते. त्या नंबरावर तिने कधी फोन केलेला नव्हता.

"महांतेशला बोलवायचं?"

"न्हाई. तिला."

तो पी.पी. नंबर होता, त्यांच्या घरमालकाचा. मी तिला काचेच्या खोलीत बसवलं. तिने फोन उलटा धरला, मी सरळ करून दिला. बोर्डावर येऊन कॉल जोडला. घरमालक म्हणाले, कोरे? वरच आहेत, बोलावतो. चपला गेल्या. बराच वेळ नुसती खरखर. मग चपला आल्या, दुसऱ्या, हलक्या.

दोन्हीकडे आवाज पोचला की ऑपरेटरने कळ वर करून बाजूला व्हायचं असतं.

"हॅलो?"

"विजू. मी बोलते."

"कोण?"

"अत्ती."

सासूला मारायची कानडी हाक. पलीकडून घाईने, "काय झालं? बऱ्या आहात ना?"

"विजू, पानीच हुतं गं."

मी कळ वर करायला हवी होती. माझा हात तिच्यावरच होता.

नीलव्वाने सगळं सांगितलं. खड्डा, पाइप, बिराजदारांचा कोपरा. माफी मागितली नाही. तिच्या भाषेत त्याला शब्द नव्हता. विजयालक्ष्मी ऐकत राहिली. शेवटी म्हणाली, "मी सांगत होते, अत्ती." रागाने नाही. थकलेल्या माणसाने सामान खाली ठेवावं तसं.

"व्हय. सांगत हुतीस."

विजयालक्ष्मीने विचारलं, "आता कुठलं पाणी पिता?"

"चौकातनं आनते."

"तुम्ही? डोक्यावरून? घरात कोण आहे का तुमच्याबरोबर?"

काचेतून मला नीलव्वाची पाठ दिसत होती. पदर, पाठीचा मणका, एका हाताने घट्ट धरलेली वायर.

"कुनी न्हाई गं," ती म्हणाली. "मी एकलीच."

मी कळ वर केली.

बोर्डावर पंढरपूरचा दिवा लागला होता, अक्कलकोटचा लागला होता. मी एकेक घेत गेले. मुल्लाबाईने विचारलं, कुणाचा कॉल गं? मी म्हटलं, गिऱ्हाइकाचा.

*

नीलव्वा बाहेर आली तेव्हा तिचा चेहरा बाळंतपण करून आलेल्या सुईणीसारखा होता, घामाने भिजलेला आणि मोकळा. म्हणाली, विजू रडली नाही. म्हणाली, लवकर ये घरी, पिठलं करते. तिने केलंही. माझं ताट, तिचं ताट. तिने मला आग्रह करकरून वाढलं, आणि मी जेवले.

पुढच्या आठवड्यात महांतेश आला. उंच, कमी बोलणारा. माझ्याशी 'ताई' म्हणून बोलला, आईकडे लक्ष दिलंत म्हणून आभार मानले. दोन दिवसांत भांडी पोत्यात गेली. नीलव्वा प्रत्येक पोतं बांधताना मला सांगायची की घर बंद राहू नये, तू राहा, माझं काय. महांतेश म्हणाला की पाइप नवा टाकेपर्यंत घर बंद ठेवलेलं बरं. त्याचं बरोबर होतं. टेम्पोत बसताना तिने माझ्या डोक्यावरून बोटं फिरवून स्वतःच्या कानशिलावर मोडली. कडकड आवाज झाला.

"येशील न्हवं इचलकरंजीला?"

मी हो म्हटलं. तिने विचारलेलं खरं होतं. मी म्हटलेलं तेवढं नव्हतं. मी गेले नाही. पत्ता मागून घेतला नव्हता. नंबर मात्र मला अजून पाठ आहे, कानडीत.

घराची किल्ली बिराजदारांकडे राहिली. मला एक्स्चेंजच्या मागे एक खोली मिळाली. ऑर्डर निघाली, मी कायम झाले, पुढे अकरा वर्षं त्याच गावात काढली. मागच्या खोलीतल्या नळाचं पाणी मला पहिल्या दिवसापासून मानवलं. ते सांगावं असं कुणी नव्हतं.

*

नीलव्वाच्या घरी नळ घेतला तो महांतेशचं लग्न ठरलं त्या महिन्यात. तोवर ती जन्मभर ओढ्यावरून पाणी आणत होती. सून आली की तिच्या डोक्यावर घागर नको, म्हणून घेतला.